विशेष मुलांच्या पालकांच्या गटाची बैठक कशी चालवावी, आणि अवघड सदस्यांचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावात विशेष मुलांच्या पालकांचा एक गट काही वर्षांपासून चालू आहे. महिन्यातून एकदा शाळेच्या वर्गात वीसेक पालक जमतात. दोन ज्येष्ठ सदस्यच सगळा वेळ बोलतात. नव्या आया एकदा येतात आणि परत फिरकत नाहीत. मागच्या वेळी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचारांवरून दोघांचं जोरात भांडण झालं आणि एक आई रडत उठून गेली. गट चालवणाऱ्या ताई स्वतः एका मुलाची आई आहेत. त्या विचारतात, आता कडक नियम करू का? आणि या दोघांना गटातून काढू का?

ताई, सगळ्यात आधी एक काम करा. उठून गेलेल्या त्या आईला आजच फोन करा. पुढच्या बैठकीला या, असा आग्रह धरू नका. "त्या दिवशी जे झालं ते व्हायला नको होतं, तुमचं बोलणं अर्धं राहिलं," एवढंच म्हणा आणि ऐका. बाकी सगळं त्यानंतर.

काढण्याचा प्रश्न मी शेवटी घेते, कारण तुम्ही लिहिलेल्यातला निम्मा त्रास मला त्या दोन माणसांचा वाटत नाही, बैठकीच्या मांडणीचा वाटतो. पुण्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या पालक-गटांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. मांडणी बदलली की ज्यांच्याबद्दल तक्रार चालू होती त्यांतले बहुतेक लोक दोन-चार बैठकांत जागेवर येतात. उरलेल्या एखाद्याचं काय करायचं ते मग आपोआप स्पष्ट दिसतं.

मांडणी करताना एकच गोष्ट समोर ठेवा: बैठक कुणासाठी आहे? माझ्या मते ती आज पहिल्यांदा आलेल्या आईसाठी आहे. तिला महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी हा शब्द सांगितलेला असतो. घरी तिनं अजून कुणाला नीट सांगितलेलं नसतं. एसटी बदलून, मुलाला कडेवर घेऊन, सासूबाईंना काहीतरी कारण सांगून ती आलेली असते. दीड तासात तिला तीन मिनिटं मिळाली नाहीत तर ती परत येणार नाही, आणि ती का आली नाही हे गटाला कधी कळणारही नाही. ज्येष्ठ सदस्य रुसले तर ते सांगतात तरी. ती सांगणार नाही. म्हणून कुणाला किती वेळ, कुणाला कधी थांबवायचं, चहा कधी, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिच्या जागी बसून द्या.

आता मांडणी. पालकांच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या प्रकारचं बोलणं होत असतं: मन मोकळं करणं, माहिती घेणं-देणं आणि निर्णय घेणं. तिन्हींची शिस्त वेगळी आहे. मन मोकळं करताना कुणी मध्ये बोलायचं नसतं आणि सल्ला द्यायचा नसतो. माहितीच्या वेळी प्रश्न विचारायचे असतात आणि उत्तर बरोबर की चूक हे तपासायचं असतं. निर्णयाच्या वेळी मतभेद व्हायलाच हवेत, पण शेवटी काहीतरी ठरून वहीत लिहिलं गेलं पाहिजे. ही तिन्ही बोलणी एकत्र चालली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. एक आई सांगते की मुलगा रात्रभर झोपत नाही. एक काका औषधाचं नाव सुचवतात. तिसऱ्या बाई म्हणतात, सहलीची वर्गणी कुणी कुणी दिली नाही? चौथ्यांना यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, विचारायचं असतं. या चौघांपैकी कुणीही चुकीचं वागलेलं नाही, आणि तरीही त्या आईला आपलं कुणी ऐकलं नाही असंच वाटतं.

म्हणून वेळेची सरळ विभागणी करा. समजा दहा ते साडेअकरा अशी बैठक आहे. पहिली चाळीस मिनिटं फेरीची: प्रत्येकानं आपला महिना कसा गेला ते सांगायचं. पुढची तीस मिनिटं एकाच विषयाच्या माहितीची. शेवटची वीस मिनिटं निर्णयाची. विषयपत्रिका फळ्यावर लिहा, वेळेसकट. ‘आयत्या वेळचे विषय’ हा प्रकार पालक-गटात मी ठेवत नाही. सहकारी संस्थेच्या सभेत तो चालतो, इथे मात्र त्याच दारातून सगळी भांडणं आत येतात. नवा विषय निघाला तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि पुढच्या महिन्याला घ्यायचा. तो खरोखर पुढच्या महिन्याला घेतला गेला, की लोकांचा त्या कोपऱ्यावर विश्वास बसतो आणि मध्येच उठून बोलण्याची घाई आपोआप कमी होते.

वीस जणांची फेरी चाळीस मिनिटांत म्हणजे माणशी दोन मिनिटं. कमी वाटतात, पण कुणी अडवलं नाही तर दोन मिनिटांत माणूस पुष्कळ सांगतो. ज्याला बोलायचं नाही त्यानं "आज ऐकते" म्हणावं आणि फेरी पुढे जावी. नव्या व्यक्तीपासून फेरी कधीही सुरू करू नका. आधी दोन जुन्या, शांत सदस्यांना बोलू द्या, म्हणजे इथे कसं बोलतात ते तिला कळतं. तिला मध्यावर घ्या आणि तिच्यासाठी दोनची पाच मिनिटं होऊ द्या. पंचवीसच्या वर लोक यायला लागले तर फेरी दोन गटांत करा, मुलांच्या वयाप्रमाणे. सहा वर्षांच्या मुलीच्या आईचे प्रश्न शाळेचे, बोलण्याचे, शी-शूचे असतात. तेवीस वर्षांच्या मुलाच्या वडिलांना रात्री झोप लागत नाही ती ‘आमच्यानंतर याचं काय’ या प्रश्नानं. दोघांना एकाच फेरीत बसवलं की लहान मुलांचे पालक घाबरतात आणि मोठ्या मुलांच्या पालकांना आपलं दुःख जुनं झाल्यासारखं वाटतं.

मुलांची सोय हा विषय लोक सहज घेतात, पण निम्मा गोंधळ तिथेच असतो. आईचा एक डोळा दाराकडे असेल तर ती ना ऐकू शकते, ना बोलू शकते. शेजारचा वर्ग मुलांसाठी मागून घ्या. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी किंवा महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आनंदानं येतात, पण त्यांना आधी अर्धा तास देऊन समजावून सांगावं लागतं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा: आकडी येते का, औषध कोणतं चालू आहे, कशाला घाबरतो, शू आली हे कसं सांगतो, पळून जायची सवय आहे का. पळणारं मूल असेल तर फाटकाशी एक जण फक्त त्याच कामाला उभा हवा. भावंडंही येतात, त्यांना मदतनीस म्हणून राबवू नका. त्यांना खेळू द्या, आठवडाभर ती घरात मदतच करत असतात.

बसायला बाकांच्या रांगा नकोत. सतरंजीवर किंवा खुर्च्यांवर गोल करा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चार खुर्च्या त्याच गोलात ठेवा, मागे नकोत. चहा आधी, पावणेदहाला. मध्ये चहा ठेवला की वीस मिनिटं जातात आणि चहा करणाऱ्या दोघींची फेरी हमखास चुकते. शेवटी ठेवला तर एसटी गाठणाऱ्या निघून जातात. आधीच्या चहाचा आणखी एक फायदा आहे: नवी आई कुणाशी तरी ओळख होऊनच आत येते. बैठक ठरल्या वेळी सुरू करा, तिघं असले तरी. थांबून राहिलात तर वेळेवर येणाऱ्यांना शिक्षा होते, आणि पुढच्या महिन्यात तेही उशिरा येतात.

काम तिघांत वाटून घ्या. एकीनं बैठक चालवायची. दुसऱ्यानं घड्याळ पाहायचं. तिसऱ्यानं लिहायचं. चालवणाऱ्यानंच घड्याळ पाहिलं तर वेळेवरून थांबवणं लोकांना अपमान वाटतो. वेळ पाहणारा वेगळा असला आणि दोन मिनिटं झाल्यावर प्रत्येकासाठी, अगदी तुमच्यासाठीही, त्यानं हात वर केला, की तो हात कुणा एकाविरुद्ध नसतो. वहीत फेरीतलं काहीही लिहायचं नाही. फक्त माहितीचे मुद्दे आणि निर्णय: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, किती पैसे.

फेरीतलं का लिहायचं नाही, यावर थोडं थांबते. लहान गावात गुप्ततेचा प्रश्न शहरापेक्षा कितीतरी टोकाचा असतो. एका मुलाला आकडी येते हे बैठकीत बोललेलं गावात पोचलं, आणि त्याच्या बहिणीचं जमत आलेलं स्थळ फिरलं, असं मी जवळून पाहिलं आहे. बोलणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी फक्त आपल्या जावेला सांगितलं होतं. पण त्या कुटुंबानं गट सोडला आणि मुलाची थेरपीही काही महिने थांबली. म्हणून "इथलं इथेच" हा नियम दर बैठकीला, दर वेळी, मोठ्यानं सांगायचा. जुन्यांना पाठ असला तरी सांगायचा, कारण नवी आई तो पहिल्यांदाच ऐकत असते. जोडप्यांनाही सांगायचं की दुसऱ्या पालकाचं बोलणं घरी आजी-आजोबांसमोर काढायचं नाही. फोटो काढायचे तर फक्त माहितीच्या भागात आणि विचारून.

नियम फार नकोत. माझे चारच असतात. इथलं इथेच. एका वेळी एकच जण बोलेल. फेरीत सल्ला नाही, मागितला तर माहितीच्या वेळी. आणि चौथा, सगळ्यात उपयोगाचा: "मी काय केलं ते सांगेन, तुम्ही काय करा ते सांगणार नाही." हा चौथा नियम नीट रुजला तर अवघड सदस्यांपैकी अर्ध्यांचा प्रश्न सुटतो.

आता तुमचे दोन ज्येष्ठ. सगळा वेळ घेणारा सदस्य बहुतेक वेळा असा माणूस असतो ज्याचा मुलगा आता पंचवीस-तीस वर्षांचा आहे. त्यानं मुलाला वाढवलं तेव्हा तालुक्यात थेरपिस्ट नव्हता, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला दहा खेपा घालाव्या लागत होत्या, आणि त्याचं ऐकायला कुणीही नव्हतं. जे बोलायचं राहिलं ते तो आज बोलतो. त्याला चारचौघांत गप्प केलंत तर तो दुखावला जाईल, आणि गटाचं नुकसान होईल, कारण त्याच्याकडे खरंच माहिती असते. बैठकीच्या दोन दिवस आधी त्याच्या घरी जा. फोनवर हे बोलणं नीट होत नाही. "काका, तुम्हाला जे माहीत आहे ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. पुढच्या महिन्यात माहितीचा अर्धा तास तुमचा. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वाचं तुम्ही सगळं केलंय, ते सांगा. आणि या वेळच्या फेरीत मला तुमची मदत हवी आहे: तुम्ही दोन मिनिटांत थांबलात तर बाकीचे थांबतील." हे खोटं कौतुक नव्हे. त्याला खरंच कामाला लावा.

तो विषयही पुरेसा मोठा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं आणि आई-वडिलांचा सहीचा अधिकार संपतो, हे अनेक पालकांना बँकेत गेल्यावरच कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्यविमा योजनाही याच न्यासाची. हा अर्ज ज्यानं स्वतः केला आहे, त्याला अर्धा तास दिलात तर तो तयारी करून येतो, कागद आणतो, आणि फेरीत लांबण लावायची त्याची गरज कमी होते.

बैठकीतच थांबवायची वेळ आली तर वाक्य तयार ठेवा. त्यांचं नाव घ्या, शेवटचा मुद्दा एका ओळीत परत सांगा आणि पुढच्या व्यक्तीकडे वळा: "पाटीलकाका, बसच्या पासाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, मी कोपऱ्यात लिहिते. सुनीताताई, तुम्ही." मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवू नका. "जरा थोडक्यात" असं म्हणून काही होत नाही, त्यानंतर माणूस आणखी दहा मिनिटं बोलतो.

उपाय सांगणाऱ्या सदस्याशी मात्र मी इतकी मवाळ राहत नाही. तुमच्याकडचं भांडण यातलंच आहे. कुणाच्या तरी मुलाला फरक पडला असं ऐकून एखादा पालक आहार, भस्म, मालिश, बाबा, नाहीतर काही लाखांचे स्टेम सेलचे इंजेक्शन सांगायला लागतो. तो फसवत नसतो. त्यानं स्वतः दागिने मोडून पैसे भरलेले असतात, आणि ते वाया गेले हे मान्य करणं त्याला फार जड जातं. म्हणूनच तो दुसऱ्याला पटवतो. त्याच्या मनाची काळजी नंतर, एकट्यात घ्या. पण त्या क्षणी बोलणं थांबलंच पाहिजे, कारण समोर पहिल्यांदा आलेली आई आहे आणि तिच्या हातात अजून मोडायचे दागिने आहेत.

काय म्हणायचं? "हा तुमच्या मुलाचा अनुभव झाला. गट म्हणून आपण कुठलाही उपचार सुचवत नाही." आणि माहितीच्या भागात, शांतपणे, कुणाचंही नाव न घेता, वस्तुस्थिती ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या ठरावीक आजारांपुरता आहे. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी त्यात नाहीत. बाकीच्या आजारांत तो फक्त रीतसर मंजूर झालेल्या संशोधन चाचणीतच करता येतो. ‘संशोधन’ म्हणून कुणी कुटुंबाकडून लाखो रुपये मागत असेल तर पालकांनी तिथेच थांबावं. हे सांगायला गावातल्या बालरोगतज्ज्ञांना अर्ध्या तासासाठी बोलवा. मग वाद काका आणि दादा यांच्यातला राहत नाही.

आणि एका गोष्टीवर एक वाक्यही पुढे जाऊ देऊ नका: औषध बंद करण्याचा सल्ला. आपल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना आकडीची औषधं चालू असतात. "त्या गोळ्यांनी मूल सुस्त होतं, आम्ही बंद केल्या आणि बघा" असं कुणी म्हटलं तर हात वर करून तिथल्या तिथे सांगा की आकडीची गोळी अचानक बंद केली तर न थांबणारी आकडी येऊ शकते आणि जिवावर बेतू शकतं, कमी-जास्त करायचं ते फक्त डॉक्टरांना विचारून. इथे सभ्यता बाजूला ठेवा. बोलणाऱ्याला वाईट वाटलं तर नंतर समजावता येतं.

तुलना करणारे सदस्य गोड बोलून दुखावतात. "तुमचा तरी चालतो, आमच्याकडे बघा." किंवा उलट, "आमची मुलगी तर आता नॉर्मल शाळेत जाते, तुम्ही जरा जास्त कष्ट घ्या." पहिल्या वाक्यानं समोरची आई स्वतःच्या दुःखाची लाज बाळगते, दुसऱ्यानं तिला वाटतं की आपणच कमी पडलो. दोन्ही वेळा मी एकच करते. बोलणाऱ्याकडे न बघता आधीच्या आईकडे वळते आणि म्हणते, "तुम्ही झोपेचं सांगत होतात, ते पुरं करा." तुलना तिथेच विरते. दोन-तीनदा झालं तर बैठकीनंतर बाजूला घेऊन सांगते.

याहून अवघड असतात घरातले वाद. नवरा-बायको एकत्र येतात आणि तो सगळ्यांसमोर म्हणतो, "हिच्या माहेरीच असं आहे कुणीतरी," नाहीतर "ही दिवसभर घरी असते, हिनं लक्ष दिलं असतं तर..." गोलातल्या सगळ्या बायका त्या क्षणी खाली बघतात, कारण हे वाक्य जवळपास प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. इथे गप्प राहिलात तर गटानं त्याला मान्यता दिली असा अर्थ होतो. "दादा, मुलाच्या अवस्थेसाठी आई-वडिलांना दोष देणारं बोलणं इथे आपण करत नाही. तुमची स्वतःची काळजी काय आहे ते सांगा." बहुतेक वेळा यानंतर एक घाबरलेला बाप समोर येतो, ज्याला काळजी बोलता येत नाही म्हणून तो दोष बोलतो. बापांची महिन्याआड एक वेगळी बैठक, संध्याकाळी, एखादा ज्येष्ठ बाप चालवणारा असेल तर फार उपयोगी पडते. बायकांसमोर न रडणारी माणसं तिथे रडतात.

रडण्यावरून आठवलं. रडणारी आई ही अवघड सदस्य नव्हे. तिच्या भोवती पाण्याचा ग्लास, रुमाल आणि सल्ले घेऊन चौघी धावल्या की तिला वाटतं आपण बैठक बिघडवली. शेजारणीनं फक्त हातावर हात ठेवावा. फेरी थांबवा. अर्धा मिनिट सगळे गप्प बसले तरी चालतं. तिला विचारा, "पुढे सांगणार, की नंतर?" ती म्हणेल ते. पण मरणाचं बोलली, मुलाला घेऊन काही करून घेण्याचं बोलली, तर ते ‘असंच म्हणतात’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी एकीनं तिच्यासोबत राहायचं, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाशी तिच्या परवानगीनं बोलायचं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत सोबत जायचं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते. तो क्रमांक गटाच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवा.

शाळेवर, थेरपिस्टवर, सरकारी कार्यालयावर संतापलेले पालक दर बैठकीत असतात आणि त्यांचा राग बहुतेक वेळा खरा असतो. शाळेनं ‘तुमच्या मुलाला झेपणार नाही’ म्हणून परत पाठवलं तर कोण शांत राहील? हा राग फेरीत दाबू नका, पण तिथे सोडूनही देऊ नका. निर्णयाच्या भागात त्याचा अर्ज करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. कोणत्या शाळेत, कोणत्या तारखेला, कोण काय म्हणालं, ते लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचं, पोच घ्यायची. दोन जण सोबत जातील हे बैठकीतच ठरवायचं. काम हातात आलं की तोच माणूस तिसऱ्या बैठकीत तेच भाषण परत करत नाही.

विक्री करणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. विमा, पूरक आहार, स्वतःचं थेरपी केंद्र: कुठलंही असो, गटात विक्री नाही, आणि यादीतले फोन नंबर कुणालाही द्यायचे नाहीत. सदस्य स्वतः एजंट असेल तरी हाच नियम.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र बैठकीपेक्षा जास्त भांडणं होतात. गटाचे दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, जिथे अ‍ॅडमिनच लिहू शकतील: बैठकीची तारीख, शिबिर, अर्जाची मुदत. दुसरा गप्पांचा, ज्याला यायचं तो येईल. उपचारांचे फॉरवर्ड दोन्हीकडे नकोत. रात्री साडेअकराला कुणी चिडून लिहिलं तर ग्रुपवर उत्तर देऊ नका, सकाळी फोन करा.

आता काढण्याचं. मी ते फार क्वचित करते, पण करावं लागतं. गुप्तता जाणूनबुजून पुन्हा मोडणं, धमकी किंवा अंगावर जाणं, पैशांचा घोळ, आणि समजावल्यानंतरही कुणाला उपचारासाठी पैसे भरायला लावणं, एवढ्याच कारणांसाठी. जास्त बोलतो, चिडतो, मतभेद करतो म्हणून कधीच नाही. तुमच्या गटातल्या त्या दोघांपैकी कुणीही, तुम्ही लिहिलंय त्यावरून, या रेषेपलीकडे गेलेलं नाही.

तशी वेळ आलीच तर आधी एकट्यात, दोघांनी मिळून बोलायचं आणि नेमकं काय बंद व्हायला हवं ते एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्यांदा झालं तर तीन महिने बैठकीला न येण्याची लेखी विनंती. त्यानंतरच कायमचं. मूल मात्र गटाच्या खेळात, शिबिरात, सहलीत येत राहिलं पाहिजे. बापानं भांडण केलं म्हणून मुलाचा रविवार गेला तर आपण गट कशासाठी चालवतो? आई आणि वडील यांच्यापैकी ज्यानं काही केलेलं नाही त्यालाही येऊ द्या, आणि हे त्यांना स्पष्ट सांगा. बाकीच्यांना एकच ओळ: "ते काही दिवस बैठकीला नसतील." कारणांची चर्चा नको.

गट नोंदणीकृत असेल तर हे एवढ्यावर भागत नाही. सदस्याला काढण्याची पद्धत गटाच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेली असते, नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तो कार्यकारिणीवर असेल तर बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. नोंदणी नसेल तर घाईनं करू नका. वीस पालकांच्या गटाला देणग्या किंवा अनुदान घ्यायचं नसेल तर नोंदणी कशाला? तिनं पदं येतात, पदांबरोबर निवडणूक येते, आणि मग भांडणं मुलांवरून उरत नाहीत. वर्गणी घेत असलात तर पावतीपुस्तक आणि दर तीन महिन्यांनी फळ्यावर हिशेब, एवढं पुरतं.

शेवटी तुमच्याबद्दल. तुम्हीही आई आहात आणि चालवणारी बाई फेरीत कधीच मोकळी होऊ शकत नाही. काही महिन्यांत ती थकते, आणि मग तिचाच स्वर चढायला लागतो. चार महिन्यांत आणखी दोघींना तयार करा. पहिल्यांदा त्यांना माहितीचा भाग चालवायला द्या, तो सोपा असतो. मग निर्णयाचा. फेरी सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या दोन वेळा तुम्ही त्यांच्या शेजारी बसा, न बोलता. त्या फेरीत तुमचा नंबर आला की तुमची दोन मिनिटं तुम्ही घ्या, आणि घड्याळवाल्यानं हात वर केला की थांबा.